घरातल्या शॉटगनमध्ये कोणतं काडतूस भरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनच्या बाहेर दुमजली घर, तुम्ही दोघं नवराबायको ग्रीनकार्डावर, वरच्या मजल्यावर झोपणारी दोन मुलं, आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा. आठवड्यातल्या तीन रात्री तुमची पाळी असते. गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या म्हणून तुम्ही १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पंप शॉटगन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे करून काडतूस चढवायची बंदूक, घेतलीत. दुकानदार म्हणाला बर्डशॉट, म्हणजे पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे, भरा, भिंतीपलीकडे जात नाही. मित्र म्हणतो डबल-ऑट बकशॉट, म्हणजे जाड छर्रे, त्याशिवाय काही ठेवू नका. तिसऱ्याने स्लग, म्हणजे एकच जड गोळी, सुचवला. आता डबा कोणता आणायचा?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या घरासाठी मी पावणेतीन इंची, कमी धक्क्याचं, आठ छर्‍यांचं डबल-ऑट बकशॉट घेईन, आणि ते छर्रे उशिरापर्यंत एकत्र धरून ठेवणाऱ्या वॉडचंच (वॉड म्हणजे काडतुसातला छर्रे धरणारा प्लास्टिकचा पेला) घेईन. फेडरल कंपनीच्या फ्लाइटकंट्रोल वॉडची काडतुसं त्यातली. हॉर्नाडीचीही त्याच धर्तीची मिळतात, पण त्यांचा वेग आणि धक्का जास्त असतो. मात्र हे उत्तर तुमच्या स्वतःच्या बंदुकीतून कागदावर तपासून पाहिल्याशिवाय पक्कं समजू नका. ते का, हे खाली येईलच.

मी टेक्सासमध्ये गेली सोळा वर्षं शॉटगन शिकवतो. त्याआधी बंदुकीशी माझी ओळख कोकणातली. आजोबांकडे परवान्याची दुनळी बारा बोअर होती, भाताला डुकरं पडायची तेव्हा ते राखणीला बसत. त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात शॉटगनचं काय चित्र असतं ते मला ठाऊक आहे. ते चित्र दोन ठिकाणी चुकतं, आणि घरातल्या सगळ्या गफलती त्या दोन ठिकाणांहून सुरू होतात.

पहिली चूक भिंतीची. आपल्याला भिंत म्हटलं की नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत दिसते. तुमच्या घरात आतल्या भिंती तशा नाहीत. लाकडाच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच जाडीचं जिप्समचं ड्रायवॉल, मध्ये पोकळी. खिळा ठोकायला हातोडी लागत नाही अशी ती भिंत. आमच्या रेंजवर आम्ही अशा चार भिंती एकामागे एक उभ्या केल्या होत्या, मुद्दाम विद्यार्थ्यांना दाखवायला. डबल-ऑटचे छर्रे चारही भिंतींतून गेले. स्लगही गेला, आणि मागच्या मातीच्या बांधात खोल रुतला. दुकानदाराने तुम्हाला दिलेला साडेसात नंबरचा बर्डशॉटसुद्धा दहा फुटांवरून पहिल्या भिंतीत मुठीएवढं भगदाड पाडून पलीकडे गेला, कारण तेवढ्या जवळून तो अजून पसरलेलाच नसतो. दहा फूट म्हणजे तुमच्या बेडरूमची एक बाजू.

म्हणजे भिंतीपलीकडे न जाणारं आणि तरीही माणसाला थांबवणारं काडतूस बाजारात नाही. जे काडतूस अंगावर चालून येणाऱ्या माणसाला थांबवेल ते ड्रायवॉलमधून जाणारच. हे एकदा मान्य केलं की प्रश्न बदलतो. कुठल्या दिशेला बार काढायचा आणि कुठल्या दिशेला कधीही काढायचा नाही, हे आधी ठरवायला लागतं.

दुसरी चूक पसाऱ्याची. शॉटगन झाडली की छर्रे खोलीभर पसरतात, नेम धरायची गरज नाही, असा समज फार खोल रुजलेला आहे. साध्या बकशॉटचा अंदाज म्हणून यार्डाला (म्हणजे तीन फुटांना) एक इंच असं सांगितलं जातं. म्हणजे घरातल्या पाच यार्डांवर पसारा पाच इंचांचा, आणि चांगल्या वॉडमधून त्याहून लहान. सगळे छर्रे एका मोठ्या भोकासारखे लागतात. नेम चुकला तर सगळेच चुकतात, आणि मग ते भिंतीतून पलीकडे. रायफलइतक्याच काळजीने नेम धरावा लागतो.

आता काडतुसांकडे येऊ. भारतात वाढलेल्यांना एसजी, एलजी ही नावं माहीत असतात. पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तर नक्कीच. ती ब्रिटिश मोजणी आहे. अमेरिकेतला डबल-ऑट म्हणजे ०.३३ इंच, सुमारे ८.४ मिलिमीटर व्यासाचा छर्रा, ब्रिटिश एसजीएवढाच. ट्रिपल-ऑट म्हणजे ०.३६ इंच, ब्रिटिश एलजीएवढा. एक नंबर बक ०.३० इंच, चार नंबर बक ०.२४ इंच. इथे एक घोटाळा होतो. नुसतं चार नंबर मागितलं तर बर्डशॉटचाही चार नंबर असतो, आणि तो ०.१३ इंचाचा असतो. डब्यावर बक हा शब्द आहे ना, हे स्वतः वाचून घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याने वर्षभर चुकीचा डबा कपाटात ठेवला होता.

बर्डशॉट का नको, ते सांगतो. साडेसात नंबरचा छर्रा जेमतेम २.४ मिलिमीटरचा, एका औंसात साधारण ३५० बसतात. उडत्या पक्ष्याला तो पुरतो. बॅलिस्टिक जिलेटिनमध्ये (चाचणीसाठी शरीराच्या जागी वापरतात तो ठोकळा) तो चार ते सहा इंच जाऊन थांबतो. जखम दिसायला भयंकर, पण उथळ. जाड जॅकेट घातलेला, हात पुढे केलेला माणूस त्यानंतरही चालत येऊ शकतो. आणि याचा अर्थ तो निरुपद्रवी असतो असाही नाही. जवळून तो जीव घेऊ शकतो, लांबून आंधळं करू शकतो. म्हणजे हल्ला थांबवण्याची खात्री नाही, आणि भिंतीपलीकडच्या मुलाला लागणार नाही याचीही खात्री नाही. बंदूक रोखण्याएवढी वेळ आलीच असेल तर अशा काडतुसावर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. सरावासाठी मात्र तोच आणा, स्वस्त आणि खांद्याला सौम्य.

गोळी किती खोल गेली पाहिजे याचं माप कुठून आलं, तेही माहीत असलेलं बरं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या एजंटांची दोन बँक-दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका एजंटची ९ मिलिमीटरची गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. त्या घटनेनंतर एफबीआयने जिलेटिनमध्ये किमान १२ इंच, आणि शक्यतो १८ इंचांच्या आत, असा निकष धरला. तो पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी होता, पण शरीर तेच असल्यामुळे बकशॉटही आज त्याच मापाने तोलला जातो. दंड मध्ये आला, माणूस तिरका उभा असला, तरी आत पोचलं पाहिजे, म्हणून १२ इंच.

या मापाने पाहिलं तर चार नंबर बक (पावणेतीन इंची काडतुसात साधारण २७ छर्रे) काठावर पडतो, बऱ्याचदा अलीकडेच थांबतो. डबल-ऑट निर्विवाद पार होतो, अनेकदा १८ इंचांच्याही पुढे जातो. एक नंबर बक (साधारण १६ छर्रे) या दोन्हींच्या मधला. कागदावर विचाराल तर एक नंबर बक घरासाठी सर्वांत योग्य आहे, पुरेसा खोल आणि फार जास्त नाही. अनेक जुने शिक्षक तोच सांगत आले, मीही काही वर्षं सांगत होतो.

मग मी मत का बदललं? कारण काडतुसाची गुणवत्ता छर्‍याच्या नंबरापेक्षा महत्त्वाची निघाली. साध्या स्वस्त बकशॉटमध्ये मऊ शिशाचे गोळे असतात. बार उडताना ते एकमेकांवर दाबले जाऊन चेपतात, आणि चेपलेला गोळा सरळ जात नाही. चांगल्या काडतुसात गोळे कडक शिशाचे, तांब्याचा मुलामा दिलेले असतात, मधल्या जागेत प्लास्टिकची बारीक भुकटी भरलेली असते आणि वॉड त्यांना नळीबाहेर पडल्यावरही काही अंतर धरून ठेवतो. फ्लाइटकंट्रोल वॉडच्या मागच्या बाजूला पंख असतात, ते हवेत उघडून वॉडला मागे खेचतात, आणि मग छर्रे पुढे सुटतात. माझ्या बंदुकीतून दहा यार्डांवर साध्या काडतुसाचा पसारा जेवणाच्या ताटाएवढा येतो, आणि या वॉडचा वाटीएवढा. एवढी काळजी घेऊन बनवलेलं एक नंबर बक दुकानात क्वचित सापडतं, डबल-ऑट सहज सापडतं. मला तुमच्या हातात वाटी हवी, ताट नको.

आता आठ छर्रे का, नऊ का नाही. पावणेतीन इंची डबल-ऑटमध्ये पूर्वापार नऊ गोळे, तीन-तीनचे तीन थर. फ्लाइटकंट्रोलच्या नऊवाल्या काडतुसात पुष्कळदा एक गोळा बाकीच्यांना सोडून भलतीकडे जातो. आठ एकत्र, नववा सहा-आठ इंच लांब. आठवाल्यात हे फार कमी दिसतं. एक गोळा कमी झाल्याने तुमचं काही बिघडत नाही, भरकटलेल्या एका गोळ्याने मात्र घर उद्ध्वस्त होऊ शकतं. ८.४ मिलिमीटरचा एकेक गोळा म्हणजे पिस्तुलाची एकेक छोटी गोळीच आहे, असं समजा.

आणि हे केवळ नीतीचं बोलत नाही. टेक्सास पीनल कोडचं नववं प्रकरण घरात घुसलेल्याविरुद्ध बळ वापरण्याची बरीच मुभा देतं, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. त्याच प्रकरणातलं ९.०५ कलम कुणी वाचत नाही. तुमचा स्वसंरक्षणाचा हक्क खरा असला, तरी बेपर्वाईने तिसऱ्या निरपराध माणसाला इजा झाली किंवा तो मेला, तर त्याच्या बाबतीत स्वसंरक्षणाची सबब चालत नाही. शेजाऱ्याचं घर तुमच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर असेल. म्हणून स्लगही घरात नको. एक औंसाचा शिशाचा गोळा एवढ्या दाट वस्तीत झाडायचं कारणच नाही. तो जंगलात, अस्वलांच्या मुलखात, किंवा शेताच्या मोकळ्या जागेवर ठीक.

धक्क्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण रात्री घरात तुम्ही नसता. बंदूक हातात घेण्याची वेळ आली तर ती तुमच्या पत्नीवर येणार. पूर्ण ताकदीचं डबल-ऑट सेकंदाला १३०० फुटांच्या आसपास जातं, कमी धक्क्याचं सुमारे ११४५ फूट. घरातल्या अंतरावर समोरच्याला फरक पडत नाही, खांद्याला मात्र खूप पडतो. पहिल्याच दिवशी कुणीतरी हौसेने तीन इंची मॅग्नम (जास्त ताकदीचं काडतूस) चालवायला देतं, आणि ती व्यक्ती पुन्हा कधी बंदुकीला हात लावत नाही. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की मॅग्नमचा डबा वर्गात आणायलाच मी बंदी घातली. पत्नीला रेंजवर घेऊन जा, आधी हलका बर्डशॉट, मग कमी धक्क्याचं बकशॉट. दस्ता (खांद्याला टेकणारा भाग) लांब पडत असेल तर आखूड बसवून घ्या, धक्क्याची निम्मी तक्रार तिथेच मिटते. तरी नाही जमलं तर २० गेजचा पर्याय कमीपणाचा नाही. त्याच्या पावणेतीन इंची काडतुसात तीन नंबर बकचे साधारण २० छर्रे असतात. ते डबल-ऑटएवढे खोल जात नाहीत, पण बर्डशॉटपेक्षा कितीतरी बरे.

मात्र एका घरात १२ आणि २० दोन्ही ठेवायची असतील तर नीट ऐका. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या चेंबरमधून (काडतूस बसतं त्या जागेतून) घसरून पुढे नळीत जाऊन अडकतं. बंदूक रिकामी वाटते, माणूस मागे १२ चं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी हातात फुटते. म्हणूनच २० गेजच्या काडतुसाचा रंग पिवळा ठरवला गेला. दोन्ही गेजची काडतुसं एका खिशात, एका पिशवीत, एका खणात कधीही ठेवू नयेत.

लांबीचंही तसंच. नळीवर किती इंची चेंबर आहे ते कोरलेलं असतं. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बसल्यासारखं वाटतं, कारण डब्यावरची लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यानंतरची असते. बसलं म्हणून चालतं असं नाही. तोंड उलगडायला जागा न मिळाल्याने दाब धोक्याच्या पातळीवर जातो. पावणेदोन इंची छोटी काडतुसंही हल्ली मिळतात, नळीखालच्या, काडतुसं साठवणाऱ्या ट्यूबमध्ये जास्त मावतात म्हणून लोक भुलतात. बहुतेक पंप बंदुकांत ती अडकतात. नको.

आता कागदावरचा तपास. एकाच कारखान्यातल्या एकाच नमुन्याच्या दोन बंदुकाही तेच काडतूस वेगळं टाकतात, म्हणून माझा किंवा कुणाचाही शब्द पुरत नाही. आधी घरात फीत घेऊन मोजा. पत्नी बेडरूमच्या ज्या कोपऱ्यात बसून पोलिसांना फोन लावणार, तिथपासून दारापर्यंत किती, जिन्याच्या टोकापर्यंत किती. बहुतेक घरांत सर्वांत लांब रेघ आठ-दहा यार्डांची निघते. मग दोन-तीन प्रकारची काडतुसं प्रत्येकी पाच घ्या आणि त्याच अंतरांवर कोऱ्या कागदावर एकेक बार काढा. प्रत्येक बाराला नवा कागद. सगळे छर्रे ज्या अंतरापर्यंत हाताच्या पंजात मावतात, ते तुमच्या बंदुकीचं अंतर. बंदुकीला सिलिंडर बोअर (सरळ नळी) असो की चोक (तोंडाशी आवळलेली नळी), या वॉडला फार घट्ट चोक मानवत नाही, तेही कागदच सांगेल. जे काडतूस जिंकेल त्याचे थोडे जास्त डबे एकदम आणा आणि त्यातली पंचवीस तरी चालवून बघा, अडकतात का. तुमची पंप आहे म्हणून सोपं आहे. माझी एक अर्धस्वयंचलित शॉटगन कमी धक्क्याची काडतुसं तिसऱ्या-चौथ्या बाराला अडकवायची, आणि ते मला रेंजवर कळलं हे माझं नशीब.

घर मोजताना पत्नीसोबत त्या कोपऱ्यात बसा आणि प्रत्येक दिशेला विचारा, या भिंतीमागे कोण झोपतं? मुलांची खोली ज्या बाजूला आहे ती दिशा कायमची बंद. कोपरा बदलून, पलंग सरकवून अशी जागा मिळते का बघा की दाराकडे रोखलेल्या बंदुकीच्या रेषेत, दारापलीकडे, बाहेरची विटांची भिंत येईल. टेक्सासमध्ये विटा बऱ्याचदा फक्त दर्शनी बाजूला असतात, म्हणून बाहेर जाऊन खात्री करा. काडतुसाच्या निवडीने जेवढा धोका कमी होतो त्याच्या कितीतरी पट पलंग सरकवून होतो.

ठेवण्याबद्दल. पंप शॉटगनचं सेफ्टी बटण बहुधा फक्त चाप अडवतं, बंदूक पडली तर आतली सुई हलणार नाही याची हमी देत नाही. म्हणून चेंबर रिकामं, काडतुसं खालच्या ट्यूबमध्ये, आणि बंदूक कुलूपबंद पण पटकन उघडणाऱ्या पेटीत. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. ट्यूबमधली काडतुसं वर्षभर दाबून राहिली की चेपतात, पुन्हापुन्हा आतबाहेर केली की त्यांचं तोंड सैल होतं. दर वर्षी ती रेंजवर संपवा, नवी भरा.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. संघराज्याच्या कायद्यानुसार नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यासारखे थोडे अपवाद सोडले तर एच-१बी, एच-४ आणि पाहुण्यांचा बी-२, तिन्ही त्यात येतात. शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. तुम्ही दोघं ग्रीनकार्डावर आहात म्हणून हे सगळं लिहिलं. पण आईबाबा बी-२ वर असणार. पेटीचा आकडा त्यांना देऊ नका, काडतुसांचा डबा आणायला बाबांना दुकानात पाठवू नका, आणि "बघू तरी कशी असते" म्हटलं तरी हातात देऊ नका.

शेवटी बाबांबद्दलच. पुण्याहून आलेला माणूस पहिले दोन आठवडे पहाटे तीनला टक्क जागा असतो. दिवा न लावता जिना उतरतो, चहा टाकतो, कपाटाची दारं उघडतो. तुम्ही कामावर असताना तुमच्या पत्नीला रात्री खाली जो आवाज ऐकू येईल, तो बहुतेक त्यांचाच असेल. म्हणून काडतुसांआधी दोन वस्तू आणा. एक, बंदुकीच्या पुढच्या मुठीवर बसणारा दिवा. चेहरा दिसल्याशिवाय बोट चापावर जाणार नाही, असा सराव त्याच्यासोबत करा. मात्र तो बंदुकीचाच दिवा असल्याने शोधाशोध करायला वापरू नका, त्यासाठी उशाशी साधी बॅटरी ठेवा. दुसरी वस्तू, चाहूल लागली की आपोआप लागणारे रात्रीचे दिवे. बाबांच्या खोलीच्या दाराशी एक, जिन्यावर एक, स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक. आणि त्यांना सांगून ठेवा की रात्री खाली उतरताना सुनेला हाक मारायची.